उणे पाव इंचाची भिंत

२ एप्रिल

आजपासून नवी वही. जुनी भरली नव्हती, पण तिच्यात गॅस, दूध आणि गुडघा याखेरीज काही उरलं नव्हतं. या वहीत काम असणार आहे.

काम ओव्हाळबाईंनी दिलं. डोंबिवली पूर्वेला मानपाडा रोडवर आमची सोसायटी, तिच्या दुसऱ्या मजल्यावर मी सात नंबरात आणि बाई आठ नंबरात. टेलिफोन एक्सचेंजमधून ऑपरेटर म्हणून रिटायर झाल्या, एकट्या राहतात. मुलगा रत्नदीप पुण्याला असतो. सकाळी दार वाजवून म्हणाल्या, "पालांडे, फ्लॅट विकावा म्हणते. रत्नदीप पुण्याला ये म्हणून मागे लागलाय. गिऱ्हाईक आंबिवलीचं आहे. त्यांना घराचा नकाशा पाहिजे, आणि सोसायटीतला नकाशा उंदरांनी खाल्ला. तुम्ही काढून द्याल?"

"का नाही? आयुष्यभर तेच केलं."

"कागदावर नको म्हणतात ते. कॉम्प्युटरमध्ये फिरवून बघता येईल असं घर पाहिजे त्यांना."

"त्यात काय!" मी म्हणालो. दार लावल्यावर घाम फुटला. मी नौपाड्याच्या एका ऑफिसात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. शेवटची काही वर्षं कॉम्प्युटरवरही रेघा मारल्या, पण फिरणारं घर माझ्या बापजन्मात केलं नाही.

हे सगळं मी नेहमीप्रमाणे मोठ्यानं म्हणत लिहितोय. ऑफिसात आम्ही दोघं समोरासमोर बसायचो. एकानं माप म्हणायचं, दुसऱ्यानं ते परत म्हणायचं, मगच रेघ. परत म्हणायच्या आधी रेघ मारली तर साहेब पेन्सिल हिसकावून घ्यायचे. त्यामुळे मला मनातल्या मनात लिहिताच येत नाही. मालन होती तेव्हा स्वयंपाकघरातून "हं" म्हणायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली. आता हॉलमधल्या शोकेसच्या फळीवर वही टेकतो आणि आपलं म्हणत बसतो. ऐकणारं कोणी नाही, त्यामुळे काहीही लिहायची मोकळीक आहे.

५ एप्रिल

नौपाड्याला जाऊन आलो. साहेब गेल्यापासून ऑफिस त्यांची मुलगी ऋजुता चालवते. लहानपणी माझ्या टेबलाखाली बसून खोडरबर चावायची, आता आर्किटेक्ट आहे. खोडरबर अजून चावते का ते विचारलं नाही. तिनं एक जुना लॅपटॉप दिला, त्यात ते सॉफ्टवेअर होतं, आणि तासभर शिकवलंही.

"काका, यात रेघ नसतेच. यात डायरेक्ट भिंत उभी करायची."

"रेघेशिवाय भिंत?"

"हो ना. तुम्ही फक्त सांगायचं भिंतीत कुठले थर आहेत. बाहेरून प्लास्टर, मग वीट, मग आतून प्लास्टर. कॉलम, बीम, स्लॅब वेगळे टाकायचे. मग ते घर फिरवा, कापा, आत शिरा, काय हवं ते करा."

चौतीस वर्षं भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. त्यांच्या मधे काय ते मिस्त्री जाणे. आता या वयात मला भिंतीच्या पोटात काय आहे ते सांगायचंय. अपमान वाटला, पण लॅपटॉप घेतला.

जिने चढून गुडघा भरून आलाय. घरात तिळाचं तेल टिपूसभर नाही आणि खाली उतरायची ताकद नाही. तसंच पडून राहावं लागणार.

६ एप्रिल

सकाळीच ओव्हाळबाई तिळाच्या तेलाची बाटली घेऊन दारात. "जास्तीची होती घरात," म्हणाल्या. मी गुडघ्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. जिना चढताना बघितलं असणार. बाईंचं निरीक्षण दांडगं आहे.

८ एप्रिल

सरावासाठी आधी माझं घर उभं केलं आणि ते दिसेचना. पडदाभर नुसतं पांढरं. ऋजुताला फोन केला.

"झूम करा काका."

केलं.

"अजून करा."

करता करता शेवटी मुंगीएवढा एक ठिपका सापडला. मी खोली दहा बाय बारा लिहिली होती, फुटांत. सॉफ्टवेअरनं ते मिलिमीटर धरले. माझं अख्खं घर अंगठ्याच्या नखावर मावलं असतं, कॉलम आणि बीमसकट. ते दुरुस्त केलं आणि शेजारी बाईंचा फ्लॅट नुसत्या अंदाजानं टाकायला गेलो, तर काय चुकलं देव जाणे, तो सोसायटीच्या गच्चीच्या कितीतरी वर जाऊन तरंगायला लागला.

"काका, शेजारीण ढगात गेली तुमची," ऋजुता म्हणाली आणि हसत सुटली. एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं? बाईंना खाली आणेपर्यंत संध्याकाळ झाली.

आणखी एक लिहून ठेवतो. हल्ली संध्याकाळी माझ्या डोक्यात जुनी गाणी वाजतात. सहाच्या सुमाराला सुरू होतात, मधे बातम्याही असतात. मी वही उघडली की थांबतात. वय झालं. डॉक्टरांना सांगायची लाज वाटते.

९ एप्रिल

आज गाणी आली नाहीत. एकदम चिडीचूप. कधी नव्हे ते करमेना. वाटलं, डोकं बिघडलेलंच बरं होतं.

१० एप्रिल

गाणी परत आली. बरं वाटलं.

११ एप्रिल

माझ्या हॉलच्या भिंतीचे थर भरले. वीट, प्लास्टर, घर घेतलं तेव्हाचा पिवळा डिस्टेंपर, त्यावर मालननं हट्टानं लावून घेतलेला गुलाबी ऑइलपेंट, त्यावर धबधब्याचा वॉलपेपर, त्यावर पुट्टी, त्यावर आत्ताचा पांढरा. सॉफ्टवेअरच्या यादीत धबधब्याचा वॉलपेपर नव्हता. नवीन मटेरियल बनवलं आणि नाव दिलं 'मालन धबधबा'. ऋजुतानं फाइल बघून फोन केला.

"काका, रंगाची जाडी कोणी मोजत नाही हो. शून्य धरतात."

"आमच्याकडे शून्य नव्हती. त्या गुलाबी रंगावरून आठवडाभर अबोला होता."

मग ती म्हणाली, "राहू दे काका. ठेवा तुम्ही."

१४ एप्रिल

ओव्हाळबाई जयंतीला जाऊन आल्या. पांढरी साडी, निळी किनार. येताना माझ्यासाठी डब्यातून जिलबी आणली. डबा रिकामा कसा परत द्यायचा, म्हणून त्यात शेंगदाणे भरून दिले. पांढरी साडी त्यांना शोभते. पण मागे एकदा पोपटी नेसल्या होत्या, ती जास्त शोभते असं माझं स्वच्छ मत आहे. मला अर्थात कोण विचारतंय!

१५ एप्रिल

पोपटी साडी. नुसत्या दूध आणायला निघाल्या होत्या.

१७ एप्रिल

आज शांतपणे विचार केला. आधी ते तेल. मग साडी. काल मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं की बाईंच्या पोह्यांत मीठ जरा जास्त असतं, तर आज पोहे अळणी आले आणि सोबत मिठाची वेगळी पुडी. निष्कर्ष एकच निघतो. माझ्या मनात जे येतं ते माझ्या तोंडावर दिसतं. यापुढे बाईंसमोर चेहरा कोरा ठेवायचा. आरशासमोर अर्धा तास सराव केला.

१८ एप्रिल

बाई जिन्यात भेटल्या. मी चेहरा संपूर्ण कोरा ठेवला. त्या थबकल्या, माझ्याकडे बघत राहिल्या आणि तोंडाला पदर लावून हसत हसत वर पळाल्या. मागून सोसायटीचे सेक्रेटरी चांगदेव येत होते. ते म्हणाले, "पालांडे, बीपी वगैरे बघून घ्या एकदा."

२२ एप्रिल

आजपासून बाईंच्या घराची मापं. टेपचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. मी माप म्हणालो, "नऊ फूट साडेचार."

"नऊ फूट साडेचार," बाई म्हणाल्या.

मी टेप हातात धरून तसाच उभा राहिलो. मी काही सांगितलं नव्हतं.

"एक्सचेंजमध्ये नंबर परत म्हटल्याशिवाय जोडायचा नाही असा नियम होता," त्या म्हणाल्या. "लिहा की. थांबलात का?"

किती वर्षांनी कोणीतरी माझं माप परत म्हटलं. फार छान वाटलं, लपवण्यात अर्थ नाही. दुपारपर्यंत सगळं घर मोजून संपलं असतं. पण कप अडकवायच्या हुकांमधली अंतरं राहिली, म्हणून उद्या परत जायचं ठरवलं.

२५ एप्रिल

हुक झाले. कुंड्या झाल्या. मोगऱ्याच्या कुंडीचा घेर वरून आणि खालून असा दोनदा घेतला. ऋजुता म्हणते, गिऱ्हाइकाला कुंडी कशाला पाहिजे, हे काम दोन दिवसांचं होतं. या पोरांना सगळं उरकायची घाई. चोख काम करायचं तर वेळ लागणारच.

२७ एप्रिल

गिऱ्हाईक तेरा मेला टोकन घेऊन येणार, असं बाईंनी सांगितलं. मग महिनाअखेरीला त्या पुण्याला. बरं झालं. मुलगा आहे, सून आहे, नातू आहे. चांगलंच झालं.

काही चांगलं झालं नाही. इथे ऐकायला कोण बसलंय, म्हणून लिहून टाकतो. त्या गेल्या तर मी टेपचं दुसरं टोक कुठे अडकवू? खिळ्याला? खिळा माप परत म्हणतो का? त्यांनी जाऊ नये असं मला वाटतं. अगदी पोटातून वाटतं. पण साठी उलटलेल्या माणसानं हे कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि त्यांना तरी माझं काय पडलंय? आपण नकाशा वेळेवर द्यावा आणि गप्प बसावं.

२८ एप्रिल

बाई सकाळीच आल्या आणि खुर्चीत बसल्या. एरवी कधी बसत नाहीत. पोपटी साडी. बराच वेळ पंख्याकडे बघून म्हणाल्या, "पालांडे, तुम्हाला मला काही सांगायचंय का?"

"हो हो, बरं झालं आलात," मी म्हणालो. "तुमच्या बाथरूमच्या दाराची रुंदी राहिलीय."

त्या उठल्या आणि गेल्या. त्यांचं दार एवढ्या जोरात आपटलं की माझ्या शोकेसमधली काचेची हरणं आडवी झाली. दाराची बिजागरी सैल झालेली दिसते. मॉडेलमध्ये तशी टीप टाकून ठेवली.

२ मे

अनर्थ झाला. आज दोन्ही फ्लॅट एकमेकांना जोडले. मधली भिंत दोघांत एक, तिची जाडी मोजायला उघडी कड नाही, म्हणून प्लास्टर धरून नऊ इंची मानली. तिच्यात माझ्या बाजूनं शोकेस बसवायला कोनाडा खोदलाय, तो पावणेपाच इंच खोल. बाईंच्या बाजूनंही शोकेस आहे, नेमकी माझ्या शोकेसच्या पाठीला पाठ लावून. त्यांचा कोनाडा साडेचार इंच. दोन्ही कोनाडे टाकले, भिंत कापून बघितली, तर मधे वीटच नाही. सॉफ्टवेअर लाल अक्षरांत बोंबलायला लागलं. हिशेब केला. शिल्लक जाडी उणे पाव इंच.

शून्यसुद्धा नाही, उणे! मॉडेलमध्ये मी माझ्या हॉलमध्ये उभा राहिलो की मला समोर बाईंचे कप दिसतात, हुकांसकट.

३ मे

ऋजुताला विचारलं की बिल्डिंग पडेल का. ती म्हणाली, "नाही हो, वजन कॉलम-बीमवर आहे. ती भिंत नुसती मधे भरलेली आहे. पण असं होणार नाही काका. सॉफ्टवेअर चुकत नाही. तुमचं माप चुकलं असेल."

मी फोन ठेवला. माझं माप चुकलं असेल! जी पोर माझ्या टेबलाखाली खोडरबर खायची तिनं हे मला म्हणावं. जेवण गेलं नाही.

५ मे

माझी बाजू पुन्हा मोजली. पावणेपाच. बाईंची बाजू मोजायला गेलो. त्या माझ्याशी बोलत नाहीत, कारण कळत नाही, पण टोक धरलं. "साडेचार," मी म्हणालो. "साडेचार," त्या म्हणाल्या, रागानं म्हणाल्या, पण म्हणाल्या.

म्हणजे माप बरोबर होतं! घरी येऊन आधी ऋजुताला फोन लावला आणि तिला सुनावलं की सहदेव पालांडेचं माप चुकत नसतं.

"मान्य काका," ती म्हणाली. "मग भिंत कुठाय?"

हा विचार मी केला नव्हता.

६ मे

शोकेसमधली हरणं, बाहुल्या आणि मालनचा सहा पेल्यांचा सरबताचा सेट काढून खाली ठेवला. मागच्या प्लायच्या दोन तुकड्यांमधे बारीक फट आहे. तिच्यात माझी रेघा मारायची कडक टू-एच पेन्सिल घातली. वीट लागायला हवी होती. लागली नाही. आणखी ढकलली. पेन्सिल पार आत गेली आणि बोटांतून सुटली.

"पालांडे, तुमची पेन्सिल माझ्या साखरेच्या डब्यात पडली."

आवाज इतका जवळून आला की मी मागे वळून बघितलं.

"तुम्हाला ऐकू येतं?" मी प्लायला विचारलं.

"येतं."

"कधीपासून?"

"शोकेस झाली तेव्हापासून."

"सगळं?"

पलीकडे डब्याचं झाकण वाजलं. मग बाई म्हणाल्या, "पोपटी साडी नेसल्यावर कशी दिसली ते नंतर लिहिलं नाहीत तुम्ही."

हे मी स्वयंपाकघरात बसून, ओठ मिटून लिहितोय. अक्षर बघवत नाही.

७ मे

ओठ मिटून. तेल. मीठ. साडी. आणि गाणी! ती माझ्या डोक्यात नव्हतीच, त्यांच्या नव्या रेडिओवर होती. मी लिहायला बसलो की बाई रेडिओ बंद करायच्या.

मग सत्तावीस एप्रिल आठवला. मग अठ्ठावीस. बाथरूमच्या दाराची रुंदी! मी गाढव आहे.

८ मे

दोन्ही शोकेस सखाराम मिस्त्रीनं केल्या होत्या. त्याला बोलावून मॉडेल दाखवलं. त्यानं ते कौतुकानं दोन-तीनदा गोल फिरवलं.

"अवो साहेब, तुमी सांगितलं अर्धी वीट आत घे. घेतली. फुडल्या वर्षी बाईंनी सांगितलं अर्धी वीट आत घे. त्यांची बी घेतली."

"अरे पण दोघांच्या अर्ध्या मिळून अख्खी वीट गेली ना!"

"गेली की. लई चांगली भाजलेली व्हती. माझ्या मोरीला लावली मी."

"मला सांगायचंस तरी!"

"तुमी ड्रॉइंगवाले. मला वाटलं तुमास्नी ठावं आसंल."

दोन दिवसांत वीट भरून देतो म्हणाला. बाईंना विचारून कळवतो असं मी सांगितलं. त्यांना विचारायला मला तोंड नाही. दूधसुद्धा जिन्यात कोणी नाहीसं बघून आणतोय.

१० मे

ओठ मिटून. संध्याकाळी दार वाजलं. उघडलं नाही.

"पालांडे, ताप आला का?" बाई बाहेरून म्हणाल्या. "किती दिवस लिहिण्याचा आवाज नाही तुमचा."

"बरा आहे," मी आतून म्हणालो.

"एक सांगते. एक्सचेंजमध्ये पहिल्या दिवशीच शिकवलेलं, कानावर पडलं तरी ऐकलं नाही असं राहायचं. मी तशीच राहिले. मालनताई गेल्या तेव्हा तुम्ही रोज वहीत त्यांना सांगायचात, आज काय जेवलो, आज कोण भेटलं. तेवढा वेळ मी टीव्ही बंद ठेवायचे. बास. आणखी काही नाही." मग म्हणाल्या, "तुमची पेन्सिल उंबऱ्यावर ठेवलीय."

त्यांचं दार लागल्यावर मी माझं उघडलं. पेन्सिल पुसून, छान टोक काढून ठेवली होती. मला रडू आलं.

१२ मे

ओठ मिटून. बुद्ध पौर्णिमा. दाराच्या कडीला पिशवी, पिशवीत खिरीचा डबा. खिरीत वेलदोडा नाही. मला वेलदोडा चालत नाही हे मी मागच्या वर्षी कधीतरी लिहिलं होतं.

ऋजुताकडून फाइल तपासून घेतली आणि बाईंच्या मोबाईलवर पाठवली. भिंत जशी आहे तशीच दाखवली, भोकासकट. बुजवून दाखवणं एका मिनिटाचं काम होतं, पण खोटं माप मी देत नाही. माझं काम संपलं. उद्या गिऱ्हाईक येणार.

१३ मे

संध्याकाळ. पलीकडे गिऱ्हाईक आलंय. खुर्च्या सरकल्या, पाणी दिलं, एजंट काहीतरी म्हणतोय. मी शोकेसच्या फळीवर वही टेकलीय आणि आज तोंड उघडून लिहितोय, मुद्दाम, होईल तितक्या मोठ्यानं. ओव्हाळबाईंनी हा फ्लॅट विकू नये. त्यांनी पुण्याला जाऊ नये. पोपटी साडी फार छान दिसली. अठ्ठावीस तारखेला मला दाराची रुंदी नको होती.

(पुढचं नंतर लिहितोय.)

पलीकडचं बोलणं बंद पडलं. मग एका बाईचा आवाज आला, "कोण बोललं? भिंतीतून?"

"शेजारी आहेत," ओव्हाळबाई म्हणाल्या. "रोज या वेळेला लिहितात."

"मोठ्यानं?"

"त्यांना मनात येत नाही."

"रोज?"

"गुडघा दुखत असला तर जरा जास्त."

आता नवरा बोलला, "म्हणजे आपण दोघं इथे बसून जे काही बोलू ते त्यांना..."

"सगळं," बाई म्हणाल्या.

"विनिता, ऊठ," नवरा म्हणाला. खुर्च्या पुन्हा सरकल्या. एजंट "अहो वीट भरता येते, वीट भरता येते" करत त्यांच्यामागे धावला. मी तसाच पेन्सिल धरून उभा होतो. तेवढ्यात बाईंचा आवाज आला, प्लायला तोंड लावल्यासारखा.

"पालांडे, हे वहीला सांगितलंत. आता दारातून या आणि मला सांगा."

निघालो. खिरीचा डबा द्यायचाच होता, तो घेतला. दारापर्यंत गेलो आणि आठवलं की डबा रिकामा आहे. परत फिरलो, चार खारी बिस्किटं टाकली, पुन्हा निघालो. जिन्यात ते आंबिवलीचं जोडपं मला बघून भिंतीला चिकटून उभं राहिलं. माझ्या एकाच पायात चप्पल होती हे मला त्यांच्या नजरेवरून कळलं.

बाई दारात उभ्या होत्या. मी तोंड उघडलं. काही येईना. पुन्हा उघडलं. मग जे चौतीस वर्षं करत आलो तेच केलं. मान ताठ केली आणि माप म्हणतात तसं म्हणालो, "फ्लॅट नंबर आठ. ओव्हाळबाई. जाऊ नका."

बाईंनी परत म्हटलं. "फ्लॅट नंबर आठ. ओव्हाळबाई. जात नाही."

परत म्हणताना कोणी एक शब्द जरी बदलला तरी मी आजवर खपवून घेतलेलं नाही. आज घेतलं.

मग त्यांनी डबा उघडून बघितला आणि म्हणाल्या, "चारच?"

२० मे

रत्नदीपचा फोन आला होता. आधी आईवर चिडला, मग माझ्याशी बोलला. "काका, तुम्ही नक्की काय काय लिहिता?" एवढंच विचारलं. दिवाळीत येतो म्हणाला.

भिंतीचं ठरलं. मी म्हणालो, असू दे तशीच. बाई म्हणाल्या, मुळीच नाही, रात्रीचं तुमचं घोरणं मी उगाच का ऐकू? शेवटी असं ठरलं की वीट भरायची, दोन्ही शोकेस काढायच्या आणि मधे एक छोटी झडप ठेवायची, डबा आणि बोलणं जाईल एवढी. सखाराम उद्या येतोय. विटा नव्या आणायला सांगितल्यात. त्याच्या मोरीच्या नकोत.

मॉडेल दुरुस्त करायला बसलो. झडप सॉफ्टवेअरच्या यादीत नव्हती, ती नवीन बनवली. सहा वाजले तसा पलीकडे रेडिओ लागला. मी वही उघडली तसा बंद झाला. मापं म्हणायला लागलो.

"भिंत नऊ इंची. वीट पूर्ण."

"वीट पूर्ण," पलीकडून आवाज आला.

"झडप दीड फूट बाय एक."

"दीड बाय एक."

"कडी दोन्ही बाजूंनी."

"कडी दोन्ही बाजूंनी," बाई म्हणाल्या. "माझी उघडीच असेल. मारा रेघ."

त्या सॉफ्टवेअरमध्ये रेघ मारता येत नाही. म्हणून इथे वहीतच मारली, टू-एचनं.